झऱ्यावरचा कोरडा पेला

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पेला आहे आणि माझ्या कानाला साखळी बांधलेली आहे. मी काही चोर नाही. मला कुणी चोरून नेऊ नये म्हणून शिक्षा मात्र मी भोगतो आहे. एका जुन्या बागेच्या मधोमध दगडी पायऱ्या उतरून गेलात की एक चौकोनी कुंड लागते. कुंडाच्या कडेला दगडी तोटी आहे आणि तोटीशेजारच्या कडीला मी लटकत असतो. माझ्या डोक्यावर पाटी आहे, 'नैसर्गिक झरा. पाणी अवश्य चाखा.' ती वाचून तुमच्यासारखी मुले धावत येतात, मला तोटीखाली धरतात, पितात आणि तोंड पुसत निघून जातात. त्या पाटीबद्दल मला पुष्कळ बोलायचे आहे, पण आधी माझ्या जन्माचे सांगतो.

मला एका तांबटाने घडवले. माणूस अबोल होता, त्याची हातोडी मात्र बडबडी होती. ठोके देऊन देऊन त्याने मला गोल केले, आतून कल्हई केली आणि शेवटी कान जोडला. बागेचा तेव्हाचा मालक हौशी होता. पाहुण्यांना झऱ्याचे पाणी पाजायला त्याला एक चांगला पेला हवा होता. तांबटाने मला पिशवीत घालून बागेत आणले आणि भर उन्हात तोटीखाली धरले. मी भरलो, आणि बघता बघता माझ्या अंगावर बाहेरून बारीक थेंब जमले. ते पाणी तितके गार होते. तांबट म्हणाला, "याला असा घाम येतोय तोवर झरा बरा आहे असं समजा." मालक हसला आणि विसरून गेला. मी विसरलो नाही. कडीला लटकणाऱ्याला दुसरे काम तरी काय असते?

पुढे मालक गेला, बाग सरकारजमा झाली आणि झऱ्याची देखभाल करायला एक बाई आली. तिचे खरे नाव हजेरीपुस्तकात असेल. सगळे तिला झरेवाली म्हणत. जिभेची तिखट होती. कुंडात पाय घालणाऱ्याला ती असे काही ऐकवायची की तो पुन्हा बागेतही पाय ठेवत नसे. पण पाणी प्यायला आलेल्याला ती स्वतः भरून द्यायची. माझ्या साखळीला नेहमी पीळ पडायचा. मला उचलण्याआधी ती मनगटाला एक झटका द्यायची आणि पीळ सुटायचा. दुसऱ्या कुणाला ते कधी जमले नाही. मग ती मला तोटीच्या धारेखाली असे धरायची की बाहेर एक थेंब उडू नये, आणि सांगायची, "आधी गालाला लावा, मग प्या." लहान मुले गालाला लावून किंचाळायची. मोठी माणसे लाजत लाजत लावायची आणि त्यांचे चेहरे एकदम लहान व्हायचे. माझ्या आयुष्यातले सगळे सुख त्या गालांमध्ये आहे.

झरा म्हणजे तळातले एक भोक नव्हे, मित्रांनो. कुंडाच्या तळाशी वाळू आणि गोटे होते आणि त्यांच्या फटीफटीतून पाणी वर यायचे, आज इथून तर उद्या तिथून. वर्षभरात पानांचा, मातीचा गाळ साचला की त्या फटी गुदमरायच्या. म्हणून उन्हाळा सरताना झरेवाली जोडे काढून, बाह्या वर सारून कुंडात उतरायची. फावडे तिला चालत नसे. ती तळव्याने चाचपायची, पायाला पाण्याची ढुसणी लागली की वाकून तेवढा गाळ हाताने उचलायची आणि टोपलीत टाकायची. गोटे होते तिथेच ठेवायची. कित्येक दिवस हे चालायचे. तिची लेक पायरीवर बसून अभ्यास करायची आणि मधूनच विचारायची, "आई, झालं का?" आई म्हणायची, "झऱ्याला विचार."

तिच्या हाताखाली एक माळी होता. उन्हातान्हात डोक्यावर टोपी, सावलीतही टोपी, म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणत. गाळाच्या टोपल्या वर नेऊन टाकणे हे त्याचे काम, आणि त्या कामाचा त्याला मनापासून कंटाळा. टोपली नाकासमोर आली की तो तोंड फिरवायचा. झरेवाली त्याची थट्टा करायची. तो हसायचा, तिला मावशी म्हणायचा, तिच्या डब्यातले खायचाही. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण वाईट माणसाला दोष देणे फार सोपे असते.

गार पाण्यात उभे राहून राहून झरेवालीचे गुडघे गेले. शेवटी शेवटी तिला कुंडातून वर यायला लेकीचा हात लागायचा. नोकरी संपली तेव्हा साहेबांनी छोटेसे भाषण केले आणि तिला भिंतीवरचे घड्याळ दिले. ती जाताना माझ्यापाशी आली, मला लिंबाच्या फोडीने आणि मिठाने शेवटचे घासले आणि टोपीवाल्याला एवढेच म्हणाली की गाळ वेळेवर काढ. तो म्हणाला, "काढतो की, मावशी." मग ती लेकीबरोबर दूरच्या शहरात, कुठल्याशा वरच्या मजल्यावर राहायला गेली.

त्यानंतर बागेचे नशीब उघडले. कुठून तरी माणसे आली, त्यांनी झाडांना क्रमांक दिले, आणि आमची बाग 'वारसा उद्यान' झाली. तिकिटाची खिडकी आली, कानात घालून माहिती ऐकायची यंत्रे आली, बसगाड्या भरभरून पर्यटक आले. टोपीवाला झऱ्याच्या देखरेखीवरचा मुख्य माणूस झाला. टोपी तीच, फक्त तिच्यावर बिल्ला लागला. आता गाळात उतरायचे कुणी? नव्या गणवेशात चिखलात उतरणे त्याच्या जिवावर आले. त्याने एक वर्ष चालढकल केली, दुसऱ्या वर्षी त्याला युक्ती सुचली. त्याने साहेबांना सांगितले की तळाला फरशी टाकली तर गाळ साचायचाच नाही, आणि फरशी पांढरी घेतली तर फोटोत पाणी निळे दिसेल. साहेब खूश झाले. वाळू आणि गोटे ट्रॉलीतून बाहेर गेले, तळ सिमेंटने पक्का झाला, त्यावर पांढरीशुभ्र फरशी बसली. झऱ्याला वर यायला मधोमध एक गोल भोक ठेवले आणि त्यावर चकचकीत जाळी. जणू झरा म्हणजे पाहुणा, आणि त्याने दाखवलेल्या दारातूनच यायला हवे.

तो आला नाही. पाणी आधी सुस्तावले, मग तोटीची धार करंगळीएवढी झाली, आणि एका सकाळी तोटी कोरडी पडली. टोपीवाल्याच्या तोंडचे पाणी पळाले. बाहेर तिकीट काढून माणसे उभी होती. स्वच्छतागृहांना पाणी पुरवणारी टाकी जवळच होती. तिच्यातून एक नळी कुंडापर्यंत आणली आणि जाळीखाली दडवली. तात्पुरती सोय, असे सगळे एकमेकांना म्हणाले. त्या तात्पुरत्या सोयीला आता किती वर्षे झाली, ते कुणी बोलत नाही. बाग उघडली की झरा सुरू होतो आणि बंद झाली की बंद होतो.

त्या दिवसापासून मला घाम आलेला नाही. माझे कौतुक मात्र तेव्हापासूनच वाढले. मला रोज पावडरने घासतात. माझ्यासारखे दिसणारे हलके पेले दुकानात खोक्यात घालून विकतात. पर्यटक टाकीचे पाणी पितात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "चवच वेगळी!" हे ऐकताना माझ्या पोटात काय होते, ते पोटातले पाणीच जाणे. खरा झरा मेलेला नाही. मागच्या भिंतीला बारा महिने ओल येते म्हणून झाडूवाल्या बायका कुरकुरतात. दरवर्षी कुणीतरी येऊन त्या ओलीवर गिलावा करून जाते.

आता त्या दिवसाचे सांगतो.

एका बसमधून बराच मोठा घोळका उतरला. सगळ्यांच्या छातीवर एकसारखे स्टिकर होते. घोळक्याच्या शेवटी एक म्हातारी लेकीचा हात धरून एकेक पायरी उतरत होती. तिच्याही छातीवर स्टिकर होता. मी तिला ओळखले नाही. तिने मात्र कडीकडे हात नेला, मनगटाला झटका दिला आणि साखळीचा पीळ सुटला. मित्रांनो, मी धातूचा आहे म्हणून तुटलो नाही.

लेक टोपीवाल्याशी हळू आवाजात बोलत होती. आई हल्ली माणसे विसरते, घर विसरते, कधी कधी लेकीलाही बाई म्हणून हाक मारते. "झरा तरी विसरली नसेल म्हणून आणलं," ती म्हणाली. टोपीवाला मान हलवत राहिला. म्हातारीने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि पर्यटकांनी शिपायाकडे पाहावे तशी नजर पुढे नेली.

तिने मला धारेखाली धरले. बाहेर एक थेंब उडाला नाही. मग तिने मला गालाला लावले आणि थांबली. दुसऱ्या गालाला लावले. पुन्हा पहिल्या. जन्मात पहिल्यांदाच मला लाज वाटली, आणि ती माझी नव्हती.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

"आई, भरलाय की काठोकाठ."

"भरलाय. पण कोरडा आहे."

तिने पाणी चाखलेही नाही. मला जपून कडीला लावले आणि कुंडाकडे पाहिले. तळ पांढरा होता, पण तिला तो दिसला असेल असे मला वाटत नाही. तिला तिचे जुने कुंड दिसत होते. तिचा चेहरा हळूहळू उतरला, एखादे महत्त्वाचे काम विसरल्याचे उशिरा ध्यानात यावे तसा. ती पायरीवर बसली, जोडे काढले, बाह्या वर सारल्या आणि लेकीला कळायच्या आत पाण्यात उतरली.

"यंदा गाळ काढायचा राहिला," ती म्हणाली. "माझ्याकडूनच राहिला."

ती तळव्यांनी फरशी चाचपू लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. ढुसणी कुठेच लागेना. मग ते मोडके गुडघे टेकून ती हातांनी शोधू लागली, फरशीच्या सांध्यांत नखे घालून उकरू लागली. काठावरच्या पर्यटकांनी फोन वर धरले. कुणी हसले, कुणी अरेरे म्हणाले. अरेरे म्हणणाऱ्यांनीही फोन खाली घेतले नाहीत.

लेकीने टोपीवाल्याचा हात धरला. "तुम्ही सांगा ना तिला, तिचं काही चुकलं नाही म्हणून. तुमचं ऐकेल."

हेच तर हवे होते. एक वाक्य. खोटे बोलायचे नव्हते, फक्त खरे बोलायचे होते. मावशी, झरा तू बुजवला नाहीस, मी बुजवला. कडीला लटकून मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. त्याने टोपी काढली. इतक्या वर्षांत प्रथमच मी त्याचे डोके पाहिले, पार टक्कल पडले होते. पण काठावर पर्यटक होते, माझ्या डोक्यावर पाटी होती आणि टोपीवर बिल्ला होता.

"मावशी, वर या," तो म्हणाला. "गाळाचं आम्ही बघतो."

तिने वर पाहिले. तिची बोटे सोलवटली होती. तिच्या लेखी हा कुणी वरचा माणूस होता. तिने हात जोडले आणि म्हणाली, "माझं चुकलं. साहेबांना सांगू नका."

टोपीवाल्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"नाही सांगत, मावशी."

काठावर एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली की किती समजूतदार माणूस आहे बघा. टोपीवाल्याने स्वतः म्हातारीला हात देऊन वर काढले, टॉवेल मागवला. लेकीने त्याचे आभार मानले. पायऱ्या चढताना म्हातारी तीनतीनदा वळून कुंडाकडे पाहत होती आणि लेकीला विचारत होती की आता नोकरी जाईल का. मग बसचा भोंगा वाजला.

संध्याकाळी बाग रिकामी झाल्यावर टोपीवाला माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचे डोळे भरून आले. खरे सांगतो, मला त्याचे काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माणूस बोलावला आणि ज्या सांध्यांत तिची नखे लागली होती ते पांढऱ्या सिमेंटने पुन्हा भरून घेतले.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आमची काळजी घ्या. मी तसे म्हणणार नाही. माझी काळजी फार घेतली जाते, इतकी की ज्याच्यासाठी मी आहे त्याकडे कुणाचे लक्ष नाही. तुम्ही कधी सहलीला आमच्या बागेत आलात तर पेला भरून घ्या, पण पिण्याआधी गालाला लावा. कोरडा लागला तर जवळच टोपी घातलेला एक माणूस उभा असेल. त्याला विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत हलू नका.

आणि कुठल्या शहरात, कुठल्या वरच्या मजल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या तळव्यांनी फरशी चाचपणारी एक म्हातारी तुम्हाला दिसली, तर माझे एवढे काम करा. मला बोलता येत नाही. तिच्याजवळ बसा आणि तिला सांगा की मावशी, गाळ राहिला नव्हता. तुमच्याकडून काहीच राहिले नव्हते.

ती विसरेल. मग पुन्हा सांगा.