बँडमास्तरांचं शिफारसपत्र

हॅटीला कॉर्नेट शिकवलं तिच्या आजोबांनी. तसं थॉर्नशॉ गावात ज्याला ज्याला पितळी वाद्यात धड फुंकर घालता येते, त्या प्रत्येकाला क्लिफर्ड ऑर्मरॉड यांनीच शिकवलेलं आहे. पण नातीसाठी त्यांनी जीव ओतला होता. सहाव्या वर्षी बँडच्या कपाटातलं एक जुनं कॉर्नेट तिच्या हातात आलं, आठव्या वर्षी ती मोठ्यांच्यात बसायला लागली आणि अकरावं लागेपर्यंत बँडमधले केस पिकलेले बाप्ये एखादी जागा अडली की हळूच तिच्या बोटांकडे बघायला लागले. शुक्रवारच्या तालमीत आजोबांचा एक शिरस्ता असे. कुणीही कधी न पाहिलेली स्वरलिपी ते सगळ्यांसमोर ठेवत, दोनपर्यंत मोजत आणि हात खाली आणत. जो अडखळेल त्याने त्या दिवशीचे चहाचे कप विसळायचे. हॅटीच्या वाट्याला वर्षभर कप आले नव्हते.

टेकडीपलीकडच्या लँगफोल्ड या मुलींच्या खाजगी शाळेत दरवर्षी एका मुलीला संगीताची शिष्यवृत्ती मिळते, ही बातमी आणली हॅटीच्या आईने. शेरिल दाताच्या दवाखान्यात फोन घेते आणि गावातल्या सगळ्या बातम्या तिथे तोंड उघडूनच येतात. एरवी त्या शाळेची फी शेरिलच्या वर्षाच्या पगाराहून जास्त. शिष्यवृत्ती मिळाली तर सगळी माफ. मायलेकी शाळा बघून आल्या. तिथे साठ मुलींचा वाद्यवृंद वाजत होता, आणि त्यातली सगळी व्हायोलिनं एकदम सुरू झाली तेव्हा हॅटीच्या अंगावर काटा आला. त्या व्हायोलिनांच्या मागे बसून आपल्याला वाजवायचंय, हे तिने तिथेच ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काहीतरी इतकं हवंसं वाटलं होतं.

अर्जात एकच अडचण होती. मुलीच्या संगीतशिक्षकाने तिच्याविषयी एक पत्र लिहून परस्पर शाळेला पाठवायचं होतं. घरच्यांनी ते बघायचं नाही, असा नियम.

"बाबा, ते तुम्हालाच लिहावं लागणार," शेरिल म्हणाली. "दुसरं कोण शिकवतंय तिला?"

"लिहितो की." आजोबांनी चहात बिस्किट बुडवलं. "असं लिहितो, की त्या बायका पोरीला न्यायला गाडी पाठवतील."

"आडनाव वेगळं आहे तेच बरं. नाहीतर म्हणतील, आजोबाच कौतुक करतोय."

"मी कौतुक करत नसतो. पंचेचाळीस वर्षांत कुणाचं केलंय? विचार कुणालाही."

"ते माहितेय मला," शेरिल म्हणाली. तीही एकेकाळी त्यांच्याच हाताखाली वाजवायची.

हॅटी टेबलाच्या कडेला नखाने रेघा ओढत होती. "आजोबा, शुक्रवारी संध्याकाळी त्या शाळेचा सराव असतो. मग मला तालमीला येता येणार नाही."

"मग नाही येणार."

"आणि मार्चमधली बँडची स्पर्धा?"

"यंदा तर आहेस ना? पुढचं पुढे. बँड तुझ्या आधी शंभर वर्षं चाललाय, पोरी. तू जा." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "मी सांगतोय ना, जा."

एवढं ऐकल्यावर तिच्या मनावरचं ओझं उतरलं. ती रोज शाळेआधी तासभर वाजवू लागली. शेजारच्या मिसेस डीकिननी भिंतीवर दोनदा काठी आपटली आणि मग कारण कळल्यावर तिच्यासाठी जिंजर केक पाठवला.

परीक्षा जानेवारीत होती. आजोबाच गाडीने घेऊन गेले आणि तिचा कोट मांडीवर ठेवून बाहेरच्या बाकावर बसले. आत लांबलचक टेबलामागे तिघी होत्या. मधली, संगीत विभागाची प्रमुख, मिस ऑलिफंट. उंच, हाडकुळी, पण आवाज मऊ. हॅटीने तयारीच्या दोन्ही रचना वाजवल्या. दुसरी संपली तेव्हा कडेच्या बाईंनी लिहिणं थांबवून वर बघितलं. मग न पाहिलेलं वाजवायची वेळ आली, आणि हॅटी मनातून खूश झाली, कारण हे तर दर शुक्रवारचंच काम.

मिस ऑलिफंटनी स्टँडवरचा कागद काढला आणि दुसरा ठेवला.

"घाबरू नकोस हं. हे तुला जड जातं, ते तुझ्या सरांनी आधीच कळवलंय. तू ऐकून ऐकून पाठ करतेस, समोरचं वाचता येत नाही. आणि एकटीने वाजवताना धीर सुटतो, घोळक्यातच बरी वाजवतेस. काही हरकत नाही, तुझ्यासाठी आम्ही लहान मुलींचं सोपं पान काढून ठेवलंय."

हॅटीला वाटलं, कागदांची अदलाबदल झाली असेल. "हे हॅटी ग्रीनवुडबद्दल लिहिलंय?"

"हो. क्लिफर्ड ऑर्मरॉड यांनी. तेच ना तुझे सर?"

"तेच," हॅटी म्हणाली.

ते आपले आजोबा आहेत, हे तिने सांगितलं नाही. तिला लाज वाटली, आणि लाज त्यांची वाटली, हे तर तिला फारच लागलं. दाराबाहेर तिचा कोट धरून बसलेल्या माणसाने केसाने तिचा गळा कापला होता, आणि तेही सुंदर अक्षरात, तिकीट लावून. रडू येणार असं वाटलं. पण रडून कॉर्नेट वाजत नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं.

"बाकीच्या मुलींना दिलंत तेच द्या," ती म्हणाली.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पहिला कागद परत आला. हॅटीने एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मनात दोनपर्यंत मोजलं आणि न अडखळता पान संपवलं. मिस ऑलिफंट उठल्या, कपाटातून आणखी एक पान घेऊन आल्या. याच्यावर मोठ्या मुलीही अडतात, असं म्हणाल्या. हॅटीने तेही वाजवलं.

"हे तुला कुणी शिकवलं?" मिस ऑलिफंटनी चष्मा काढून विचारलं.

"पत्र लिहिलंय त्यांनीच."

बाहेर आजोबांनी कोट पुढे धरला. तिने बाह्यांत हात घातले.

"कसं झालं?"

"बरं झालं."

"न पाहिलेलं दिलं होतं?"

"दिलं होतं."

वाटेत त्यांनी खिशातली पेपरमिंटची गोळी काढून दिली. तिने ती घेतली आणि खाल्ली नाही.

पाच आठवडे तिने कुणाला काही सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर आईने बापाचं तोंड पाहिलं नसतं, आणि हॅटीला तेही नको होतं. तालमीला ती जात राहिली. आजोबा हात खाली आणत, ती वाजवत असे. पूर्वी ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाजवायची, आता फक्त हाताकडे बघायची.

फेब्रुवारीत पत्र आलं. शिष्यवृत्ती हॅटीला मिळाली होती. शेरिल दवाखान्यातल्या पेशंटांसमोरच रडली.

त्या शुक्रवारी तालमीआधी बँडच्या खोलीत चहा झाला, डुकराचं मांस भरलेली 'पोर्क पाय' कापली गेली. ट्रॉम्बोनवाल्या डेझने आजोबांच्या पाठीत थाप घातली. "क्लिफ, काम तुझ्या पत्राने केलं बघ. काय लिहिलंस एवढं?"

आजोबा कपात बघत म्हणाले, "खरं तेच लिहिलं. आणखी काय लिहिणार?"

सगळे हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"हॅटी, आजोबांना थँक्यू म्हण," शेरिल म्हणाली. अजून तिचा आवाज ओला होता.

हॅटी समोर जाऊन उभी राहिली. "थँक्यू, आजोबा. तुमचं पत्र मला मिस ऑलिफंटनी सांगितलं. काय काय लिहिलंय ते."

बाकीच्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. डेझने पोर्क पायचा दुसरा तुकडा उचलला. आजोबांनी मात्र कप खाली ठेवला आणि भिंतीशी असलेल्या खुर्चीवर बसले. लोक स्टँड मांडायला पांगले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुझ्या आईने एकोणिसाव्या वर्षी वाद्य खाली ठेवलं ते कायमचंच. मला वाटलं, तुला शिष्यवृत्ती नाही मिळाली तर आठवडाभर रडशील, मग विसरशील. आणि इथेच राहशील. मी आहे तोवर तरी."

हॅटीने त्यांचा कप उचलून विसळायच्या कपांत ठेवला.

"रागाव. काहीतरी बोल."

"तुम्ही नुसतं 'जाऊ नकोस' म्हणाला असतात ना, आजोबा," ती म्हणाली, "तर मी गेले नसते."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. साडेसात वाजले होते. पंचवीस माणसं वाद्यं मांडीवर घेऊन बँडमास्तरांची वाट बघत होती, आणि बँडमास्तरांना खुर्चीवरून उठवत नव्हतं.