महिपतरावांचा हुकूम

महिपतरावांच्या सिक्युरिटी एजन्सीत एकच कायदा होता. साहेबांच्या हुकुमाशिवाय फाटक उघडायचं नाही, काठी उगारायची नाही. पणजोबा फौजेत होते, त्याची मिजास यांच्या अंगात अजून मुरलेली होती.

ऑफिस मुलगी सांभाळायची, हर्षिता. ती कानीकपाळी ओरडायची, "बाबा, आता एका मेसेजवर भीड जमा होते. गेटवर जो खडा आहे, त्यालाच ठरवू द्या ना! मी प्रॅक्टिस घेते सगळ्यांची."

"प्रत्येकाने आपलं डोकं चालवलं तर फौज कशाला म्हणायची?"

तरी तिने गुपचूप तालीम सुरू केलीच. हजीरा बंदराजवळच्या गोदामावर गार्ड असलेल्या उमाजीला ही तालीम चांगलीच पटली. एका दुपारी मारामारीत सापडलेल्या फळवाल्याला त्याने न विचारता आत घेतलं. महिपतरावांनी सगळे गार्ड रांगेत उभे केले आणि त्यांच्यादेखत उमाजीच्या कानाखाली जाळ काढला. तालीम तिथेच संपली.

मग एके दिवशी हजीऱ्यात ट्रकखाली कुणी चिरडलं गेल्याची अफवा उठली. गोदामात ट्रक उभे होते. जमाव तिकडे वळला आणि महिपतराव नेमके तेव्हाच स्कूटरवरून फाटकाशी पोहोचले. पहिली सळई गुडघ्यावर बसली, दुसरी थेट जबड्यावर. दात रक्तासकट बाहेर पडले.

जाळीच्या फाटकामागे गार्ड काठ्या घेऊन उभे होते. महिपतराव जिवाच्या आकांताने ओरडले, पण मोडक्या जबड्यातून शब्द फुटेना. गार्ड त्यांच्या तोंडाकडे बघत हुकमाची वाट पाहत राहिले. नालायक मेले! आणि यांना असं घडवणारा नालायक कोण, हे धुळीत पडल्यापडल्या त्यांना कळलं. मरणापेक्षा लाज जास्त वाटली.

"अरे चलो ना! साहेब मरतील!" उमाजी किंचाळला. कुणी हललं नाही. त्याने एकट्यानेच कडी काढली, साहेबांना उचलून आत ढकललं आणि फाटक बाहेरून ओढून घेतलं. जाळीला पाठ लावून तो काठी फिरवत राहिला. सळया त्याच्या डोक्यावर पडत राहिल्या, तो खाली कोसळल्यावरही. पोलीस आले तेव्हा जाळीवर रक्त वाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी उमाजीच्या दारात तिरडी तयार झाली. त्याची बायको ऊर बडवत होती. गार्ड गणवेशात रांगेने उभे होते आणि महिपतरावांच्या तारांनी आवळलेल्या तोंडाकडे बघत होते.

हर्षिताचा हात सोडून महिपतराव लंगडत पुढे झाले, वाकले आणि एकट्यानेच बांबू खांद्यावर घ्यायला धडपडू लागले.

रांग जागची हलली नाही.