इंगळ्यांच्या नंबरावरची बेबीताई

दुर्गाबाई इंगळे चहा घेऊन नवऱ्याच्या खोलीत गेल्या, तेव्हा धर्मपालजी कंप्युटरसमोर एकटेच हसत बसले होते. बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना बुद्धिबळाचा नाद लागला होता. जगभरची रिकामी माणसं जिथं जमतात अशी एक जुन्या वळणाची साइट त्यांनी शोधून काढली होती आणि पोलंडमधल्या एका रेल्वेवाल्या म्हाताऱ्याशी त्यांची दुपारची जुंपलेली असायची. आज त्या म्हाताऱ्यानं हार मानली होती आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘उत्तम खेळलात, बेबीताई मॅडम.’

दुर्गाबाईंनी चष्मा सारखा केला आणि ते परत वाचलं.

“हे बेबीताई कोन?”

“मले काय मालूम?” धर्मपालजी म्हणाले. “माह्या नावाखाली बारीक अक्षरात थे येऊन राह्यलं. त्या बुढ्याले वाटलं मी बाईच हावो.”

खरंच, ‘डी. इंगळे’ या नावाखाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: बेबीताई, मग टिंब, मग गच्ची, मग टिंब, आणि शेवटी त्यांच्या इंटरनेट कंपनीचं नाव. खेळणारा कोणत्या कनेक्शनवरून आलाय ते ती साइट आपणहून दाखवायची. धर्मपालजींनी चहाचा घोट घेतला आणि दुसरा डाव मांडला. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

दुर्गाबाईंच्या लेखी तो तिथंच सुरू झाला. अमरावतीच्या तहसील कचेरीत त्यांनी कारकुनीत उभी हयात घातली होती. कोणत्या नंबरावर कोणाचं नाव, यावरून भाऊ भावाच्या उरावर बसलेले त्यांनी पाहिले होते. आपल्या घरच्या नंबरावर परक्या बाईचं नाव, ही गोष्ट त्यांना हसण्यावारी नेता येईना. त्यात ती ‘गच्ची’. धर्मपालजींची बदली अकोल्याला होती तेव्हा ते एका गच्चीवरच्या खोलीत राहायचे. दुर्गाबाई मुलांच्या शाळेपायी अमरावतीतच राहिल्या होत्या. नवऱ्यावर त्यांचा भरवसा होता, त्यात खोट नव्हती. पण बारीक कुसळ बोटात गेलं की दिसत नाही आणि भांडी घासताना बरोबर टोचतं, तसं झालं.

रविवारी त्यांची भाची प्रतीक्षा जेवायला आली. ती तंत्रनिकेतनात कंप्युटर शिकवायची. दुर्गाबाईंनी तिला वरण वाढता वाढता विषय काढला, अगदी सहज काढल्यासारखा. प्रतीक्षानं जेवता जेवताच समजावलं. घरच्या प्रत्येक कनेक्शनला एक नंबर असतो. फाटकावरचा कॅमेरा मुलाला नागपुरातून दिसावा म्हणून काकांनी कायमचा नंबर मागून घेतलाय, त्यामुळे यांचा तर बदलतही नाही. नाव देऊन नंबर विचारला की तो सरळ शोध, आणि नंबर देऊन नाव विचारलं की उलटा शोध. ती साइट येणाऱ्याचा उलटा शोध घेते.

“पण थे नाव लिहिते कोन?” दुर्गाबाईंनी विचारलं.

“नंबर ज्याच्या मालकीचा तो. म्हणजे इंटरनेट कंपनी. काकांनी ठरवलं तरी त्यांना इथून काही लिहिता येत नाही, मावशी.”

शेवटचं वाक्य प्रतीक्षानं ताटाकडं बघत म्हटलं, त्यावरून तिला सगळं कळलंय हे दुर्गाबाईंच्या लक्षात आलं. धर्मपालजी मात्र वांग्याची भाजी चांगली झाल्याचं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नेट बंद आहे का विचारलं. चालू आहे म्हटल्यावर हळू चालतं का विचारलं. चांगलं चालतं म्हटल्यावर तिनं अदबीनं सांगितलं की असल्या गोष्टी फक्त पियुष सर बघतात आणि ते अकोल्याच्या ऑफिसात बसतात. कंपनी मूळची अकोल्याची. अमरावतीत तिच्या तारा मागच्या वर्षी आल्या होत्या.

अकोल्याला प्रतीक्षाच्या आईकडं जाणं कधीचं राहिलंच होतं. दुर्गाबाईंनी निमित्त साधलं आणि सकाळची एसटी पकडली. धर्मपालजींना बहिणीकडं जाते एवढंच सांगितलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांना क्षणभर स्वतःचंच हसू आलं. या वयात कुठल्या बाईचा माग काढत निघालोय आपण. पण गाडी सुटली तशा त्या परत ताठ बसल्या. माग बाईचा नाही, नोंदीचा आहे, असं त्यांनी मनाला बजावलं.

कंपनीचं ऑफिस एका बोळात, पहिल्या मजल्यावर होतं. पियुष चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, बोलता बोलता पाणी पुढं करणारा माणूस निघाला. दुर्गाबाईंनी आपला नंबर सांगितला आणि त्यावर कोणाचं नाव आहे ते बघायला लावलं. पियुषनं बघितलं आणि त्याचे कान लाल झाले.

“हे राह्यलंच काय?” तो स्वतःशीच म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते असं. कंपनी सुरू केली तेव्हा त्याच्याजवळ एक जुना कंप्युटर आणि उधारीचा उत्साह यापलीकडं काही नव्हतं. अँटेना लावायला उंच गच्ची पाहिजे होती आणि कोणी गच्ची देईना. किरणांनी केस गळतात, गाई आटतात, असं लोकांनी ऐकलेलं. तो ज्या खानावळीत जेवायचा, तिची मालकीण बेबीताई. ती म्हणाली, माह्या गच्चीवर वांदरं नाचते, तुह्या डबड्यानं काय होते, लाव. नंतर आणखी काही जणांनी गच्च्या दिल्या. कायमचे नंबर हाती आले तेव्हा पियुषनं पहिले नंबर या गच्चीवाल्यांना फुकट दिले आणि प्रत्येकावर त्या माणसाचं नाव लिहिलं. बेबीताईचा सगळ्यात पहिला. पुढं अमरावतीत गिऱ्हाईक वाढलं, नंबर पुरेनात. बेबीताईला तर त्या नंबराचा उपयोगही नव्हता. मग त्यानं तो काढून इंगळ्यांना दिला.

“नंबर फिरवला, पण नाव बदलायचं राहून गेलं,” तो म्हणाला.

“म्हंजे जमिनीची खरेदी झाली अन् सातबाऱ्यावरचा फेरफार राह्यला,” दुर्गाबाई म्हणाल्या.

पियुषच्या बापाची शेती अंजनगाव सुर्जीकडं होती, त्याला हे लगेच उमगलं. तो हसला आणि आत्ताच्या आत्ता नाव पुसतो म्हणाला. पण दुर्गाबाईंनी त्याला थांबवलं. ज्या बाईचं नाव काढायचं तिला आधी विचारायला पाहिजे. कचेरीतही नोटीस दिल्याशिवाय नाव कमी करत नाहीत. पियुष घुटमळला. बेबीताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, ना नाव दिल्याचं, ना नंबर काढल्याचं. तरी तो उठला.

खानावळ दोन गल्ल्या सोडून होती. दुपारची पंगत उठली होती आणि बेबीताई ओट्यावर बसून मेथी निवडत होती. साठीची, ठेंगणी, हातात हिरव्या बांगड्या, नजर एकदम सरळ. दुर्गाबाईंनी शेजारी बसून मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि सगळी हकिकत सांगितली, पोलंडच्या म्हाताऱ्यासकट. पियुष दारात उभा राहून चपलेनं जमीन उकरत होता.

बेबीताईनं ऐकून घेतलं आणि ती पियुषकडं वळली.

“म्हंजे मी सालभर अमरावतीले राहून राह्यली होती अन् मलेच पत्ता नाई?”

पियुषनं मान खाली घालून हो म्हटलं.

“अन् बुद्धिबळात गोऱ्याले हारवलं मी?”

“बऱ्याच येळा,” दुर्गाबाई म्हणाल्या.

बेबीताई हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तिच्या हसण्यानं आतली भांडी घासणारी बाईसुद्धा बाहेर येऊन बघून गेली. हसू ओसरल्यावर ती दुर्गाबाईंना जिन्यानं वर घेऊन गेली. गच्चीवर पाण्याची टाकी होती, वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापड्या होत्या आणि कोपऱ्यात एक गंजलेला खांब. अँटेना कधीच उतरवली होती. दुर्गाबाईंनी चारी बाजूंना नजर फिरवली.

“इथं वर खोली नव्हती काय कधी? भाड्यानं द्यायची?”

“खोली कुठली, बाई. माह्या नवऱ्यानं टाकी बांधली थेच नशीब.”

मग दुर्गाबाईंच्या तोंडाकडं बघून बेबीताईनं विचारलं, “काहून? तुमचे मालक अकोल्याले होते काय?”

“होते,” दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांना एवढ्या वेळात पहिल्यांदाच लाज वाटली, आणि लगोलग फार हलकंही वाटलं. बेबीताईनं एक पापडी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. दोघी टाकीच्या सावलीत बसल्या आणि बराच वेळ नवऱ्यांविषयी बोलल्या.

खाली आल्यावर बेबीताईनं निकाल दिला. ज्याचं घर त्याचं नाव. इंगळ्यांच्या नंबरावरून तिचं काढून टाका, पण तिच्या घराला नवीन नंबर द्या आणि त्याच्यावर लिहा. पियुषनं दोन्ही कबूल केलं. मांडीवर लॅपटॉप घेऊन तो तिथंच बसला आणि त्यानं दुर्गाबाईंना विचारलं, अमरावतीच्या नंबरावर काय लिहू, इंगळे?

दुर्गाबाई हो म्हणणारच होत्या.

“तुमच्या घरचं लाईटचं मीटर कोनाच्या नावानं हाये?” बेबीताईनं मधेच विचारलं.

“यांच्या.”

“घरटॅक्स?”

“यांच्याच.”

“मंग हे तरी तुमच्या नावानं करा. तुमी आल्या एवढ्या दूर, थे त बसले खेळत.”

दुर्गाबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली होती. सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता, शेकडो गावांची. आपलं नाव कशावर लिहावं असं कोणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि त्यांनाही ते सुचलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि एकेक अक्षर पियुषला इंग्रजीतून सांगितलं. दुर्गाबाई, टिंब, अमरावती. स्पेलिंग त्यांनी दोनदा तपासून घेतलं.

पियुष म्हणाला, लगेच दिसणार नाही. जुनं उत्तर कुठं कुठं लोकांच्या यंत्रांत साठून राहतं, ते विरायला थोडा वेळ जातो. दुर्गाबाईंना ते पटलं. कचेरीतही तसंच असायचं.

संध्याकाळी बहिणीच्या घरून त्यांनी धर्मपालजींना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं, गच्चीवरच्या खोलीच्या शंकेसकट.

“मले सांगतलं असतं त मी बी आलो असतो संगं,” धर्मपालजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, थोडी हळहळ होती. “त्या खोलीत मी एकटाच भात शिजवून खात होतो, दुर्गा. ढेकणं होते लय.”

“मालूम हाये,” त्या म्हणाल्या. “आता बेबीताईच्या खानावळीत जेवाले जाऊ दोघं. मी सांगून आली तिले.”

पुढल्या शनिवारी ते खरोखर गेले. बेबीताईनं कणकेचे रोडगे निखाऱ्यावर भाजले होते आणि वांग्याच्या भाजीत तिखट सढळ हातानं पडलं होतं. धर्मपालजींचं नाक वाहायला लागलं तरी ते तिसरा रोडगा कुस्करत होते. पियुषही आला होता. उरलेल्या गच्चीवाल्यांकडं एकेक करून जाऊन त्यांना नंबराची गोष्ट सांगतोय म्हणाला. त्यातल्या एकानं तर पेढे दिले होते. बेबीताईनं त्याच्या ताटात न विचारता तूप ओतलं आणि दुर्गाबाईंना म्हणाली की पुढच्या महिन्यात ती अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला येणार आहे, मुक्कामाला.