जेवणाच्या सुट्टीतला लाकडी हात

गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. मी एक जुना लाकडी हात आहे. मित्रांनो, मला बिचारा म्हणायचं असेल तर आत्ताच उठून जा, माझी काही हरकत नाही.

माझा जन्म हातमोज्यांच्या कारखान्याला लागून असलेल्या सुताराकडे झाला. कारखान्याचा मुकादम त्याला सांगून गेला होता, "मोजा चापून बसेल असा हात कर. नखंबिखं नकोत." सुताराने नखं केली, बोटांची पेरं केली, तळव्यावर रेषासुद्धा कोरल्या. मुकादम हसून म्हणाला, "याचं भविष्य बघायचंय का कुणाला?"

"तुम्ही हात सांगितलात, मी हात दिला," सुतार म्हणाला. "खुंटी हवी असेल तर ती बघा तिथे भिंतीवर."

माझा ताठपणा मी त्याच्याकडूनच घेतला असणार.

माझं काम काय, ते सांगतो. कातडी हातमोजा उलटा शिवतात, म्हणजे शिवण आत जाते. शिवून झाला की बोथट काठीने एकेक बोट ढकलून तो सुलटा करायचा, मग माझ्यावर चढवायचा, ओढायचा आणि दाबून सुरकुत्या काढायच्या. शिवण्याचं काम भोंगा ते भोंगा चाले. सुलटं करण्याचं काम मात्र बायका जेवणाच्या सुट्टीत करत. तसा हुकूम कुणी सोडलेला नव्हता. पहिली करत होती म्हणून दुसरीने केलं, दुसरीचं बघून तिसरीने. पुढे नवी कुणी आली की डबा चार घासांत संपवून तीही काठी हातात घेई.

त्या बायकांत सगळ्यांत जुनी आक्का. आवाज खणखणीत, आणि मुकादमाला तोंडावर 'अहो दादा' म्हणून मागे त्याची हुबेहूब नक्कल करणारी. सगळ्यांत लहान चिमणी. नवरा गेल्यावर ती लहान मुलीला घेऊन सासूजवळ राहत होती. तिला दवाखान्यात नर्स व्हायचं होतं, त्या शिक्षणाचा अर्जही तिने भरला होता. पण प्रवेशासाठी तोंडी परीक्षा होती, आणि ती इंग्रजीत. सासूने बजावलं होतं, "कारखान्यात जातेस तोवर बाहेर पड. ते सुटलं की घर."

समोरच्या सायकलच्या दुकानाच्या माडीवर एक निवृत्त मास्तरीणबाई राहत. आक्का त्यांच्याकडे गेली आणि थेट म्हणाली, "बाई, आमच्या पोरीला इंग्रजी बोलायला शिकवा. वेळ तेवढा दुपारचाच आहे." बाईंची बोटं थंडीत आखडत. त्यांनी फी म्हणून एक ऊबदार हातमोज्यांचा जोड मागितला आणि दुसऱ्याच दिवशी छत्री टेकत आल्या.

कारखान्यात फळा नव्हता. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, आणि माझ्या तळव्यावर खडूने एकच शब्द लिहिला. हँड.

"हे येतं आम्हाला," चिमणी म्हणाली. "हँड म्हणजे हात."

"आणि घड्याळातला काटा?"

"तो काटा."

"तोही हँडच. पत्ते वाटले की तुझ्या वाट्याला जे येतात तेही हँड. कुणासाठी टाळ्या वाजवायच्या तर म्हणायचं, त्याला मोठा हँड द्या."

आक्काची काठी थांबली. "अगं बाई! एकाच हाताला किती कामाला लावलंय या लोकांनी!"

पुढे रोज तेच. बायकांचे हात मोजे सुलटे करत आणि कान बाईंकडे लागलेले असत. एखादी गोष्ट आवरेनाशी झाली की आपण ती हाताबाहेर गेली म्हणतो, तेही तसंच म्हणतात, हे कळल्यावर बायकांना सगे सापडल्यासारखा आनंद झाला. मग त्या बाईंचीच परीक्षा घ्यायला लागल्या.

"आम्ही कंटाळलो की हात टेकतो. ते काय करतात?"

बाईंनी जरा विचार केला. "ते हात वर फेकतात."

"म्हणजे आपण खाली, ते वर! आणि हात झटकले तर?"

"ते धुतात. हात धुतले म्हणजे आता माझा संबंध संपला."

"काहीतरीच!" आक्का म्हणाली. "आम्ही तर हात धुऊन मागे लागतो."

असं हसणं त्या छपराखाली मी पूर्वी ऐकलं नव्हतं. चिमणी मात्र रडकुंडीला आली होती. "बाई, माझी परीक्षा तोंडावर आलीय, आणि तुम्ही एकाच शब्दाला धरून बसलात."

"एका शब्दाशी भांडायला शिक," बाई म्हणाल्या. "मग बाकीचे तुला घाबरतील."

एक दिवस बाईंनी सांगितलं की कारखान्यातल्या कामगारालाही हँडच म्हणतात. फाटकावर जी इंग्रजी पाटी होती, तिचा अर्थ 'हात पाहिजेत' असा होता. मग चिमणी हळूच म्हणाली, "नुसते हातच? मग बाकीचं अंग आम्ही कुठे ठेवून यायचं?"

हे मुकादमाने ऐकलं, आणि ते मालकाच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला. "शिकवणी बंद. त्या बाईंना फाटकातून आत सोडायचं नाही. सुट्टीत गप्पाटप्पा नकोत, कामच करायचं."

"सुट्टीत काम?" आक्काने विचारलं. "मग तिला सुट्टी कशाला म्हणता, दादा?"

जेवणाची घंटा झाली. आक्काने काठी खाली ठेवली. एकेक करून सगळ्यांनी ठेवल्या. आक्काने एका हातात डबा, दुसऱ्यात मला घेतलं आणि ती फाटकाबाहेर निघाली. बाई समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसल्याच होत्या.

मुकादम धावत आला. "कारखान्याचा हात बाहेर नेता?"

"आमचे दोन-दोन हात रोज संध्याकाळी बाहेर जातात," आक्का म्हणाली. "ते कधी अडवले नाहीत ते!"

मी लाकडाचा, नाहीतर तेव्हा मीच टाळी दिली असती.

आत उलट्या मोज्यांचा ढीग वाढत चालला. शिवणकाम वेळेत होत होतं, त्यामुळे मुकादमाला बोट ठेवायला जागा नव्हती. सुलटा मात्र एकही मोजा नव्हता. चिमणीची झोप उडाली. ती आक्काला म्हणाली, "माझ्यापायी सगळ्यांच्या पोटावर पाय नको. माझीही नोकरी गेली तर सासूबाई उंबरठा ओलांडू देणार नाहीत. मग कसली परीक्षा!"

"तुझ्यापायी?" आक्का डब्यातला घास सावकाश चावत म्हणाली. "इथे लागल्यापासून मी माझ्याच हातचं जेवण चवीनं खाल्लेलं नाही. तू आपला शब्द पाठ कर."

माल न्यायला गाडी यायची होती. मुकादमाने बाह्या सरसावल्या आणि मोजे स्वतःच सुलटे करायला बसला. इतकी वर्षं तो आमच्यावर नजर ठेवून होता, पण काठी बोथट का असते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने घेतली कात्री. मिटलेल्या कात्रीचं टोक घालून तो एकेक बोट जोरात ढकलत गेला.

मालक आले, वरचाच मोजा उचलून त्यांनी हातात घातला, आणि त्यांची तर्जनी नखासकट बाहेर आली. दुसरा घातला, मधलं बोट बाहेर. बायका खाली मान घालून शिवत होत्या, पण सगळ्यांचे खांदे हलत होते.

"काय हवंय तुम्हाला?" मालकांनी विचारलं.

आक्का उभी राहिली. "सुलटं करणं कामाच्या वेळेत धरा. सुट्टी आमची. तिच्यात आम्ही जेवू, झोपू, नाहीतर इंग्रजी शिकू."

मालकांनी भोक पडलेला मोजा बोटातून ओढून काढला. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता.

"धरलं," ते म्हणाले. "सुट्टी तुमची."

"आणि हा?" आक्काने मला उंच धरलं.

"न्या. पण परत आणून ठेवत जा."

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण चिमणी त्या वर्षी नापास झाली. परीक्षकांसमोर तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. परत आल्यावर तिने माझ्या बोटांवर डोकं टेकून रडून घेतलं, डोळे पुसले आणि बाईंना विचारलं, "आता पुढचा शब्द कुठला?" दुपारच्या सुट्टीचा अर्धा तास तिचाच होता, तो कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. पुढच्या वर्षी ती पास झाली.

ती दवाखान्यात मुख्य नर्स होऊन निवृत्त झाली. तिची सासू शेवटच्या आजारपणात तिच्याच वॉर्डात होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'ही माझी सून' म्हणून सांगायची. चिमणी पास झाल्यावर दोन हिवाळ्यांनी बाई गेल्या, तेव्हा हातात आमच्या कारखान्याचे मोजे होते. मुकादमाने नोकरी सोडून कुलपांचं दुकान काढलं. मालकांच्या मुलाने तापणारे धातूचे हात आणले आणि मला सरपणात टाकलं. तिथून आक्काने मला पिशवीत घालून भर दिवसा, सगळ्यांदेखत नेलं. आक्का खूप म्हातारी होऊन गेली, आणि जाताना मला चिमणीकडे देऊन गेली.

आता मी चिमणीच्या मुलीच्या स्वयंपाकघरात मोरीजवळ उभा आहे. माझ्यावर भांडी घासायचे रबरी मोजे वाळत घालतात. पाहुणे म्हणतात, अरेरे, इतकी जुनी वस्तू, काचेच्या कपाटात ठेवा. मी म्हणतो, खबरदार! मी हात आहे, कामातच बरा दिसतो.

जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगतो, की तुमचा दुपारचा अर्धा तास जपा. तो मागायला कुणीतरी येईलच, आणि फार गोड बोलेल. देऊ नका.