पाठमोरी परीक्षा

मागाच्या शेडमध्ये आवाजाने बोलणारा माणूस वेडा ठरतो. सगळे माग एकदम खडखडायला लागले की शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं, तरी तिला फक्त ऊब लागते. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलायच्या आणि डोळ्यांनी ऐकायच्या. तुटलेलं सूत जोडता जोडता या टोकाच्या बाईने त्या टोकाच्या बाईला नवऱ्याचे प्रताप सांगावेत, आणि मध्ये उभ्या असलेल्या मुकादमाला पत्ता लागू नये. त्याची पाठ असेल तर त्याचेही प्रताप सांगून व्हायचे. या कलेत मावशीचा हात धरणारं शेडमध्ये कोणी नव्हतं. अर्धं आयुष्य तिने मागांपुढे काढलं होतं.

मावशी नुकतीच आजी झाली होती. सून बसमध्ये कंडक्टर होती आणि तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सुनेची ड्युटी सकाळची, म्हणून मावशीने मालकाच्या मागे लागून दुपारची पाळी मिळवली. सकाळभर नात आपल्या मांडीवर, या कल्पनेनेच तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

पण एके सकाळी सून अंघोळीला गेली असताना बाळ उठलं. सून ओल्या केसांनी धावत आली, तर बाळ रडून रडून लालबुंद झालेलं आणि आजीबाई चार हातांवर पाठ करून निवांत भाजी चिरत बसलेल्या! सुनेने बाळाला उचलून छातीशी धरलं. रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, मी पाळणाघर बघते. तुम्हाला उगाच दगदग नको."

मावशीने हातातला घास ताटात ठेवला. "मी काय बहिरी आहे?"

"तसं नाही हो आई."

"मग कसं?"

सून ताट उचलून मोरीकडे गेली.

त्याच आठवड्यात दवाखान्याची नर्स शेडवर आली. कामगारांच्या कानांची तपासणी करायचा वरून हुकूम होता. कानाचा विभाग सकाळीच उघडा असायचा, आणि विणलेल्या कापडावर मजुरी घेणारी बाई सकाळची पाळी बुडवून, नाहीतर दुपारपाळीची बाई घरचं टाकून तिकडे जाणार कशी? म्हणून नर्सलाच पाठवलेलं. पोरगी नवी होती, गोड होती, आणि सोबत यंत्रबिंत काही नव्हतं. चहाच्या सुट्टीत माग थांबले. तिने एकेकीला समोर बसवलं आणि हसऱ्या चेहऱ्याने, अगदी हळू आवाजात एकेक शब्द म्हटला. बायकांनी धडाधड उत्तरं दिली. नर्सने आवाज आणखी उतरवला, तरी उत्तरं तयार! सगळ्या पास. मालक तर हवेतच गेला. "बघितलंत? आमच्याकडे आवाजाचा त्रास कोणालाच नाही," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला.

मावशीने तपासणीची चिठ्ठी घरी आणून सुनेच्या ताटाशेजारी ठेवली आणि आतल्या खोलीत जाता जाता पुटपुटली, "कानामागून आली आणि तिखट झाली."

सुनेने ते ऐकलं. तिचे कान चांगले होते ना! ती चिठ्ठीकडे बघतच राहिली. तिला वाटलं, आपणच चुकलो.

दुसऱ्या दिवशी शेडला सुट्टी होती. संध्याकाळी बाळ झोपलं होतं. मावशी टीव्हीपुढे बसली होती आणि रंगात आली होती. "काय बाई ही नणंद! चारचौघांत भावजयीला असं बोलतात का? आणि तो नवरा बघ, मुकाट ऐकतोय नुसता."

सून हातातला कपडा तसाच धरून उभी राहिली. बाळ उठू नये म्हणून टीव्हीचा आवाज तिनेच बंद केला होता. पूर्ण बंद!

ती मावशीच्या पुढ्यात येऊन बसली. "आई, टीव्हीला आवाज नाहीये."

मावशी हसली. मग पडद्याकडे वळली, मग सुनेकडे. तिचा चेहरा बघवेना. "म्हणजे नर्सचंसुद्धा..." ती म्हणाली. ती त्या पोरीला फसवायला गेली नव्हती. ओठ हलले की शब्द समजतो, हेच ऐकणं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

शेडमध्ये तिने हे शेजारच्या मागावरच्या बुटकीला सांगितलं. बुटकी मावशीची जिवाभावाची. तिने माग सोडून जवळ येत ओठ हलवले, "गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. मालकाला कळलं तर घरी बसवेल."

"घरी नात आहे," मावशी म्हणाली. "ती रडलेली मला कळायला नको?"

नर्स रक्तदाब बघायला पुन्हा आली, तेव्हा सून बाळाला काखोटीला मारून शेडवर हजर होती. चहाच्या सुट्टीत मावशीने खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि नर्सकडे पाठ करून ऐटीत बसली. "आता विचार."

समोर सगळ्या बायका, त्यांच्यात सून. मावशी वाट बघत होती. बघून बघून कंटाळली. "अगं, सुरू कर की! सुट्टी संपेल."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्स मागे उभी राहून केव्हापासून शब्द म्हणत होती, शेवटी तर चांगली ओरडतही होती.

"आई, तिचं म्हणून झालं."

मावशीला काय वाटलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. पण ती उठली आणि खुर्ची बुटकीकडे सरकवली. "बस. बघू तुझी हुशारी." बुटकी कुरकुरत बसली आणि ढिम्म बसूनच राहिली. तिच्यानंतर तिसरी, मग चौथी. सगळ्या एकाच माळेचे मणी! आधी कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. नापास होण्याचा एवढा आनंद कुठल्या शाळेने पाहिला नसेल. मालक धावत आला तेव्हा बुटकीने त्यालाच खुर्चीत बसवलं. तोही निम्म्या शब्दांवर अडकला, आणि मग कोणाला घरी बसवायची भाषा त्याने केली नाही.

नर्स मात्र हसली नाही. तिने जुने निकाल रद्द केले, वरिष्ठांशी भांडली, आणि सुट्टीच्या दिवशी कानाचे डॉक्टर यंत्रांसकट शेडवर आणून बसवले. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उरलेलं जपायला मालकाने सगळ्यांना कानात घालायचे बोळे आणून दिले. ज्यांना गरज होती त्यांना दवाखान्याने श्रवणयंत्रं दिली. मावशीचं यंत्र सुनेच्या रजेच्या शेवटच्या दिवशी आलं.

दुसऱ्या सकाळी सून कामावर निघाली. तिचा पाय घरातून निघत नव्हता. जिना उतरते न उतरते तोच बाळाने भोकाड पसरलं. सून थबकली. आता आई उचलतील, आता उचलतील. रडणं थांबेना. शेवटी ती तशीच उलट धावत वर आली.

मावशी पाळण्यावर ओणवी होऊन उभी होती, दोन्ही हात पाळण्याच्या काठावर.

"आई! ऐकू येत नाहीये का?"

"येतंय गं!" मावशी मागे न बघताच म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "म्हणून तर उचलत नाहीये. हिचं रडणं मी आजवर नुसतं पाहिलंच होतं. थोडं ऐकू दे."

सून दारातच उभी राहिली. मग तिने पिशवी खांद्यावर नीट केली. "घ्या ऐकून," ती म्हणाली, आणि सावकाश जिना उतरून कामावर गेली.