रूझवेल्टचं पान

कृष्णरावानं ओळीतली शेवटची पत्रावळ उचलली आणि गठ्ठ्यावर परत ठेवली.

"हे नाही मांडत मी यंदा."

अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. सारवलेल्या अंगणात पितरांची पानं मांडली होती. भिंतीकडून पुरुषांची ओळ, तुळशीकडून बायकांची. वाढून झालं की एकेकाचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. नाव घेतल्याशिवाय पितर जेवायला येत नाही. इतकी वर्षं हे काम सेवकराम करत. यंदा त्यांचा हात असा थरथरायला लागला, की नावाच्या आधी पाणीच सांडायचं. म्हणून काम मुलाकडे आलं, आणि कामासोबत रूझवेल्टही.

लढाईवरून परतल्यापासून सेवकराम पुरुषांच्या ओळीत शेवटी एक पान जास्त मांडत. "रूझवेल्ट, ये, जेवून घे," म्हणत आणि पाणी सोडत. का, ते कुणी विचारलं नाही. मिलिटरीत ट्रक चालवलेल्या माणसाला एवढी सूट असते, असं सिहोरा गावानं धरलं होतं.

"लोक मले विचारतात, कृष्णराव, तुमची सोयरीक अमेरिकेत कोन्या गावची? मी नाही घेत थे नाव, बाबा."

सेवकराम खाटेवर बसले होते. रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "आज नाही मांडलं, त माह्या मांग कोन मांडन?"

"कोनी नाही. तेच म्हनतो."

कृष्णरावाची बायको शकुंतला वड्यांची परात घेऊन दारात उभी राहिली. नववीत सुटलेली शाळा तिनं केस पिकायला लागल्यावर मुक्त विद्यापीठातून पुन्हा धरली होती. सोमवारी भंडाऱ्याला इतिहासाचा पेपर होता. जिल्हा फुटला तेव्हा गाव गोंदियाच्या वाट्याला गेलं नाही, एवढं नशीब. चर्चिल आणि रूझवेल्ट यांच्या जीवनाची व वारशाची तुलना करा, हा प्रश्न दरसाल येतो म्हणे. वडे थापता थापता तिनं तो पाठ केला होता. रूझवेल्ट पायांनी अधू, खुर्चीत बसून देश चालवणारा. जिंकायच्या तोंडावर वारला. चर्चिल लढाई जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात निवडणूक हरला. पुन्हा निवडून आला, नव्वदीपर्यंत जगला. दोघं एका बाजूचे, दोघं दोस्त. तिला राहवलं नाही.

"मामाजी, एक विचारू? रूझवेल्टले पान, अन् चर्चिलले नाही. असं काहून?"

"झालं!" कृष्णराव म्हणाला. "आता दुसराबी आन जेवायले. बी.ए. होऊन राहिली बाई."

सेवकराम मात्र तिच्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"मी घरी आलो तवा चर्चिल जिता होता. जित्याच्या नावानं पान मांडत नाही."

"पन मांगून मेला ना थो. पासष्ट साली."

तुळशीपाशी एक कावळा उतरला, पानांच्या ओळी बघून पुन्हा छपराच्या कवेलूवर जाऊन बसला.

"पान रूझवेल्टचं नाही वं," सेवकराम म्हणाले. "एका बाईचं हाय."

कृष्णरावानं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"कलकत्त्याले होतो. त्रेचाळीसचा दुष्काळ, थ्या मुलखात लोक रस्त्यावर मरून राहिले होते. भात कोनी मांगतच नव्हतं. भात कोन देते? 'फेन दाओ, फेन दाओ,' दारोदार. फेन म्हंजे पेज. भात शिजल्यावर आपन वरची काढतो ना, ते. आमच्या मेसच्या भिंतीले टेकून एक बाई बसली होती. मले हात केला. मी आत पयत गेलो, डबाभर पेज आनली. आलो त बाई तशीच बसून. हातबी तसाच. गेली होती."

त्यांनी खाटेवरून पानांच्या ओळीकडे बघितलं.

"घरी आल्यावर अक्तीले पान मांडलं. नाव काय घेऊ? तिले कोनी वळखत नव्हतं. मेसमंधी रूझवेल्ट अन् चर्चिल, दोघायचे फोटो होते. थ्या दिवसातली तेवढीच नावं मले ठाव. त्यातला एक मेला होता, मंग त्याचं नाव घेतलं."

"अन् दुसऱ्याचं कधीच नाही?" शकुंतलेनं हळूच विचारलं.

"थ्या साली राज्य कोनाचं होतं? चर्चिलचंच ना? त्याच्या नावानं हाक मारली असती, त थे आली असती का वं?"

शकुंतलेनं परात खाली ठेवली. कृष्णराव पुरुषांच्या ओळीकडे बघत होता. आजा, मोठा काका, चुलत आजा. सगळे मिशीवाले, तापट. त्यांच्या शेवटाला इतकी वर्षं ती बाई बसत आली होती.

"वय काय होतं तिचं?" त्यानं विचारलं.

"हिच्याएवढी असंन." सेवकरामांनी सुनेकडे बघितलं.

कृष्णरावानं गठ्ठ्यावरची पत्रावळ घेतली. पुरुषांच्या ओळीपाशी गेला नाही. वळून तुळशीकडे आला आणि आजीच्या आणि आईच्या पानांमध्ये कुठं बसवता येईल ते बघू लागला. जागा पुरेना. शकुंतला खाली वाकली, सासूचं पान दोन्ही हातांनी धरून बाजूला घेतलं.

"सरका थोडं, आत्याबाई."

सासूबाई जिवंतपणी कुणासाठी सरकल्या नव्हत्या.

कृष्णरावानं पान मांडलं, भाताची पळी उचलली.

"भात नको टाकू," खाटेवरून म्हातारा म्हणाला. "उपाशी पोटाले एकदम भात सोसत नाही. पयले पेज दे."

शकुंतलेनं चुलीवरून पेजेचं पातेलं आणलं. द्रोणात ओतताना वाफ वर आली. कृष्णराव द्रोणापुढं उकिडवा बसला होता. बसल्या जागेवरून त्यानं बापाला विचारलं,

"मीठ लागते का तिले?"