सुचिताताईंनी वाचवलेले अकरा सेकंद

मी रेडिओ स्कॅनर. नावाने गोंधळू नका, गाणी लावणारा रेडिओ तो वेगळा. हवेतून जाणारी वायरलेसवरची बोलणी एकामागून एक चाळत राहायचं आणि कुठे माणसाचा आवाज लागला की थांबून तो ऐकवायचा, हे माझं काम. मला तोंड आहे ते दुसऱ्याचं बोलणं ऐकवण्यापुरतं. आज मात्र थोडं स्वतःचं सांगतो. स्वतःचं तरी कसलं, निम्म्याहून जास्त सुचिताताईंचंच आहे.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या कुशीत नखाएवढं मेमरी कार्ड सरकवलं आणि झाकण लावलं. ऐकलेला प्रत्येक आवाज मी तारीख-वेळेसकट त्या कार्डावर उतरवून ठेवतो. कार्ड म्हणजे माझी आठवण. ते बिघडलं तरी मला ऐकू येतं, पण मागे काही उरत नाही.

माझे पहिले मालक उलव्याचे उदयसिंह. फार हौशी माणूस. दोन महिने त्यांनी मला उशाशी घेऊन झोपायचंच काय ते बाकी ठेवलं. मग घरात ड्रोन आला आणि मी बुटांच्या खोक्यात गेलो. माणसांचं प्रेम असं खोकी बदलत जातं. रागावलो नाही मी, कारण जाता जाता त्यांनी एक चांगलं काम केलं. "ताई, तुम्हीच सांभाळा याला," म्हणून मला सुचिताताईंच्या हातात दिलं.

सुचिताताई सीबीडी बेलापूरला चौथ्या मजल्यावर राहतात. बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या फॉल्ट विभागात, म्हणजे बिघाड शोधायच्या कामावर होत्या. निवृत्त झाल्यावर परीक्षा देऊन त्यांनी वायरलेसचा परवाना काढला. छंद म्हणून असं बोलणाऱ्यांना हॅम म्हणतात. त्यांनी मला गॅलरीच्या खिडकीत जागा दिली. समोर डोंगर, मागे स्वयंपाकघर. मला याहून काय हवं होतं?

दोन वर्षं सुखात गेली. मग माझं कार्ड रुसायला लागलं. मध्येच पडद्यावर अक्षरं यायची, 'कार्ड एरर. फॉरमॅट करू?' म्हणजे सगळं पुसून कोरं करू का, असं मीच विचारायचो. लाज वाटायची, पण माझी घडणच तशी. ताईंनी कार्ड बदललं. महिन्याभराने नवंही तसंच.

"अगं, सरळ दुसरा स्कॅनर घेऊ या," ताईंचे यजमान नंदकुमार म्हणाले. "हा गेलाय कामातून."

"कुठे बिघडलंय ते कळल्याशिवाय नवीन आणलं, तर तेही बिघडेलच," ताई म्हणाल्या. त्यांनी एक वही घातली. कार्ड कधी बिघडलं, तेव्हा मी विजेवर होतो की बॅटरीवर, मला कुठे ठेवलं होतं, कुणी हात लावला होता, सगळं त्यात लिहायच्या. माझी इतकी आस्थेने विचारपूस तोवर कुणी केली नव्हती.

तो ऑक्टोबरातला रविवार होता. ताईंच्या हॅम क्लबातले चौघे जण पनवेलपलीकडच्या एका डोंगरावर वायरलेसचा सराव करायला गेले होते. त्यात तळवलीचा तेजस होता. सिग्नल कुठून चांगला मिळतो ते बघायला तो एकटाच पुढे गेला होता.

दुपारी तीनच्या सुमाराला मला त्याचा आवाज लागला. बारीक, तुटक, धापा टाकणारा. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. ताई स्वयंपाकघरातून धावत आल्या, मला कानाशी घ्यायला झटकन उचललं, आणि त्या हिसक्यासरशी माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. मी बंद पडलो होतो.

पुन्हा सुरू झालो तेव्हा हवेत कुणी नव्हतं. ताईंनी आपल्या वायरलेसवरून दहा वेळा हाक मारली. "तेजस, ऐकतोयस का? तेजस!" उत्तर नाही. त्यांनी माझं रेकॉर्डिंग लावायला बटण दाबलं आणि मी काय म्हणालो? 'कार्ड एरर. फॉरमॅट करू?'

तेवढ्यात पायथ्याच्या गावातून कुंदनचा फोन आला. तो त्या चौघांतला म्होरक्या. "ताई, तेजस खाली आला नाय अजून. फोन लागत नाय. तुमाला काय ऐकू आलं का?"

"आलं होतं रे, पण शब्द कळले नाहीत. माझ्या स्कॅनरने पकडलंय, पण कार्ड उघडत नाहीये."

"दोन वाटा आहेत, आणि माझ्याबरोबर दोनच माणसं. पुढच्या वाटेने वर जातो, वरून हाका मारत उतरतो. लवकर सांगा, अंधार पडायच्या आत त्याला काढायला पायजे."

नंदकुमार घामाघूम झाले. ताईंनी मला टेबलावर ठेवलं. त्यांचं डोकं? ते फॉल्ट विभागातलंच होतं. त्यांनी पहिलं काम केलं ते 'नाही' दाबायचं. दुसरं, मला रीतसर बंद केलं, नव्या आवाजाने जुन्यावर काही उमटू नये म्हणून. मग कार्ड काढलं आणि भिंग घेऊन पाहिलं. त्याचे जोडणीचे सोनेरी पाय काळवंडले होते. खाडीच्या खाऱ्या हवेचं हे काम. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी ते हलकेच पुसले आणि कार्ड लॅपटॉपला लावलं. लॅपटॉपनेही तेच विचारलं, फॉरमॅट करू? ताई पुन्हा 'नाही' म्हणाल्या. कार्ड दिसत तर होतं, पण शेवटच्या फाइलचं माप होतं शून्य.

"शून्य म्हणजे संपलंच की!" नंदकुमार म्हणाले.

"नाही हो. लिहिता लिहिता वही हिसकावून घेतली, तर अनुक्रमणिका लिहायची राहते. मजकूर आत असतोच." त्या आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल लॅपटॉपवर उतरवायला बसल्या.

"नक्कल कशाला आता? सरळ शोध ना त्यात! पोरगा तिकडे..."

"हे कार्ड कदाचित आणखी एकदाच वाचलं जाईल. ती एक वेळ मला वाया घालवायची नाहीये."

आठ जीबीचं कार्ड, बारा मिनिटं लागली. ती बारा मिनिटं ताई जागच्या हलल्या नाहीत. कुंदनचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा त्या एवढंच म्हणाल्या, "वर जाऊ नकोस. थांब माझ्यासाठी." किती मोठी जोखीम होती ती! चुकल्या असत्या तर आयुष्यभर तो बोल लागला असता.

मग त्या नकलेवर त्यांनी हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवला. एक तुकडा सापडला. अकरा सेकंदांचा. खरखर, आणि खरखरीतून तेजस, "...टाक्याच्या खाली... मागची घळ... पाय मोडलाय... वरून येऊ नका, दगड सुटतायत... खालून या..."

ताईंनी फोन उचलला. "कुंदन, मागच्या बाजूने, खालून. पाण्याच्या टाक्याखालच्या घळीत आहे तो. वरून कुणीही उतरायचं नाही. दगड सुटतायत."

सव्वापाचला कुंदनचा फोन आला. "सापडला, ताई! शुद्धीत आहे." ताईंनी फोन ठेवला, खुर्चीत बसल्या आणि पदराने माझी काच पुसत राहिल्या. काच स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उघडली. कार्ड जेव्हा जेव्हा बिघडलं, तेव्हा तेव्हा मी बॅटरीवर होतो आणि मला कुणीतरी उचललं होतं. त्यांनी माझं झाकण काढलं. बॅटरीची स्प्रिंग गंजून सैल झाली होती. हिसका बसला की वीज तुटायची आणि लिहिणं अर्धवट राहायचं. म्हणजे बिचारी दोन कार्डं नाहक बदनाम झाली, खोट माझ्यातच होती. ताई मात्र रागावल्या नाहीत. "सापडलं बाई एकदाचं," म्हणाल्या आणि नवी स्प्रिंग बसवली.

पंधरवड्याने तेजसची आई सुमित्राबाई तळवलीहून आल्या, तांदळाच्या पापड्यांचा डबा घेऊन. दाराशी ताईंचे दोन्ही हात धरून उभ्याच राहिल्या. ताईंनी विचारलं, "त्याचा तो आवाज आहे माझ्याकडे. ऐकायचाय?"

सुमित्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "नको बाय. घरान पाय वर करून दिसभर बरबर करतंय तो. मना तेच बेस हाय."

दोघी हसल्या. मग हसता हसता दोघींचे डोळे भरले, आणि पापड्या तळायला दोघी मिळूनच आत गेल्या.

आता माझ्या पडद्यावर दोन उभ्या रेघा आल्या आहेत, आवाजाचं बटण अडकतं. गॅलरीत माझ्याहून चांगला नवा स्कॅनर आलाय. मी क्लबाच्या खोलीत असतो. नवशिके मला खोलतात, मुद्दाम बिघडवतात, दुरुस्त करतात, आणि ताई मागे उभ्या राहून "घाई नको, आधी बघ" म्हणत असतात. असं म्हातारपण किती यंत्रांना मिळतं?

तुमच्याही घरात एखादं यंत्र रुसलं असेल, तर त्याला लगेच टाकून देऊ नका. कधी बिघडतं, काय करताना बिघडतं, एवढं तरी विचारा. आम्हाला सांगता येत नाही, पण विचारणाऱ्याला कळतं. बरं, येतो मी. खरखरीत कुणाचा तरी आवाज येतोय, तो सोडून चालायचं नाही.